कागद हलतो, निगेटिव्ह नाही: हाताने छापलेल्या फोटोत रंग रंगावर कसा बसवायचा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. घरी करून बघणाऱ्यांसाठी पायऱ्या शेवटी एकत्र दिल्या आहेत.)

००:०० | पेपरातले चार ठिपके

आज घरात आलेला पेपर हातात घ्या. बातम्या राहू द्या, पानाच्या अगदी कडेला बघा. निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार छोटे ठिपके किंवा अधिकच्या चिन्हासारख्या खुणा दिसतील. आता त्याच पानावरचा एखादा रंगीत फोटो बघा. कधीकधी पुढाऱ्याच्या कानाला गुलाबी किनार आलेली असते, आणि ओठ ओठांच्या जागी नसून जरा खाली घसरलेले असतात.

छापखान्यातला माणूस याला म्हणतो, "रजिस्टर हललंय." रंगीत फोटो एका दमात छापला जात नाही. प्रत्येक रंग वेगळा येतो आणि आधीच्या रंगावर बसतो. तो नेमका बसला तर आपल्याला फोटो दिसतो, नाही बसला तर रंगांची भांडणं दिसतात. ते चार ठिपके बघून मशीनवाला ओळखतो की कुठला रंग कुठे सरकलाय.

आजचा विषय हाच आहे, फक्त मशीन नाही. कागदावर हाताने रसायन लावायचं, वर निगेटिव्ह ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. मग पुन्हा दुसरा रंग, पुन्हा ऊन, पुन्हा पाणी. सायनोटाइप, गम प्रिंट ही नावं तुम्ही रील्समध्ये ऐकली असतील. एका थराचं काम सोपं आहे. खरी परीक्षा दुसऱ्या थराला सुरू होते.

०१:५० | हे वेड जुनं आहे

थोडा इतिहास, थोडक्यात. सायनोटाइप जॉन हर्शेलने १८४२ साली शोधला. तीन रंगांतून सगळे रंग दाखवता येतात हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये फोटोतून करून दाखवलं. पुढे डिंक, रंग आणि डायक्रोमेट एकत्र करून थरावर थर चढवायची पद्धत रुळली, तीच गम प्रिंट. हा डिंक म्हणजे गम अरेबिक, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा.

आपल्याकडे बघा. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी त्याच परंपरेतल्या. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा आणि एकच कागद एकेक करून त्या सगळ्या दगडांवरून जायचा. कागद जरा जरी सरकला तरी लक्ष्मीचं कुंकू कपाळावरून नाकावर येणार.

दुसरं नाव दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी ते छपाईतले माणूस. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. १९१२ मध्ये लंडनहून त्यांनी कॅमेऱ्यासोबत आणखी एक यंत्र आणलं, कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं. तेव्हा फिल्म बिनभोकांची यायची. घरच्या अंधाऱ्या खोलीत ही भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. ही भोकं कशासाठी? कॅमेऱ्याचा दात त्यात अडकतो आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या बरोबर जागेवर येतं. भोकं चुकली तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथर कापणार.

ही भोकं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

०४:०० | पांढरं धोतर खोटं बोलू देत नाही

हाताच्या छपाईत थर सरकला तर त्यात काय एवढं, असं काही जण म्हणतात. "हॅन्डमेड लुक" येतो म्हणे. झाडाच्या फोटोत येतही असेल. पण तुम्हाला काय छापायचंय ते बघा.

आमच्या नातेपुत्यात आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला असते. बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि इथे येते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये तोच फोटो असतो: पांढरं धोतर, पांढरी टोपी, भगवी पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन, मागे ढगाळ आभाळ. रजिस्टरची परीक्षा घ्यायला याच्यापेक्षा अवघड फोटो शोधून सापडणार नाही.

कारण पांढरा रंग कागदाचा असतो. धोतर पांढरं दिसायचं तर तिथे निळा, गुलाबी, पिवळा, तिन्ही थरांनी एकाच वेळी माघार घ्यावी लागते. एकाने जरी हद्द ओलांडली तर धोतराला एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी किनार येते. चेहऱ्याचंही तेच. डोळ्याची बाहुली प्रिंटवर असते तीन-चार मिलिमीटरची. त्यात अर्धा मिलिमीटर सरकला की म्हातारबाबांची नजरच बदलते. ज्यांचा फोटो आहे त्यांना तो भेट द्यायचा असेल, तर "हॅन्डमेड लुक" हे उत्तर चालत नाही.

शिवाय एका गम प्रिंटला दोन-तीन दिवस जातात. तिसऱ्या थराला रजिस्टर हललं तर आधीचे दोन थरही गेले. परत मागे जायची सोय नाही, इथे अनडू नसतं.

०५:४० | गुन्हेगार कोण?

रजिस्टर हललं की माणूस स्वतःच्या हातावर शंका घेतो. हात थरथरला असेल, निगेटिव्ह सरकलं असेल. मग भिंग आणा, टेप लावा, श्वास रोखून ठेवा. हे सगळं करूनही थर जुळत नाही, आणि विचित्र म्हणजे डावा कोपरा जुळवला की उजवा सुटतो.

दोन्ही कोपरे एकदम जुळत नाहीत, यातच उत्तर आहे. निगेटिव्ह नुसतं सरकलं असतं तर थोडं मागेपुढे करून सगळं जुळलं असतं. जुळत नाही, कारण दोघांपैकी एकाचा आकारच बदललाय.

निगेटिव्हवर शंका घेऊन बघू. इंकजेट प्रिंटरसाठी मिळणारी पारदर्शक फिल्म साधारणपणे पॉलिएस्टरची असते. उन्हात ती वीस अंशांनी तापली तर ३०० मिलिमीटर लांबीमागे फार तर ०.१ मिलिमीटर वाढेल. दुर्लक्ष करण्याइतकं.

आता कागद बघू. कागद म्हणजे झाडाच्या किंवा कापसाच्या बारीक तंतूंची गादी. तंतू पाणी प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत फुगतो. पावसात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसंच. असे लाखो तंतू फुगले की सगळा कागद पसरतो. समजा तो फक्त एक टक्का पसरला, तर ३०० मिलिमीटरच्या कागदात ३ मिलिमीटर झाले. फिल्मच्या ०.१ समोर हे ३ ठेवा. गुन्हेगार सापडला.

आणि कागद वाळला की तंतोतंत मूळ मापावर येत नाही. कारखान्यात ओला असताना ताणलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो. म्हणून पहिल्या धुण्यानंतर वाळलेला कागद बहुतेक वेळा आधीपेक्षा थोडा लहान झालेला असतो. पहिला थर मोठ्या कागदावर छापला, दुसरा लहान झालेल्या कागदावर. कितीही तीक्ष्ण नजर असली तरी ते जुळणार कसे?

पेपराच्या छापखान्यालाही हाच त्रास आहे. ऑफसेट छपाईत पाणी लागतं. पहिल्या रंगाला कागद ओला होऊन रुंदावतो आणि पुढचे रंग त्यावर कमी पडतात. कोट्यवधींच्या मशीनला जे चुकत नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

०८:०० | फुटपट्टीचा प्रयोग

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. ड्रॉइंगचा कागद घ्या. पेन्सिलने दोन रेघा मारा, एक उभी आणि एक आडवी, दोन्ही बरोबर २०० मिलिमीटर. कागद दहा मिनिटं पाण्यात बुडवा आणि ओला असतानाच मोजा. वाळल्यावर पुन्हा मोजा.

दोन गोष्टी दिसतील. एक, ओल्याचं आणि कोरड्याचं माप वेगळं येतं. दोन, एक रेघ दुसरीपेक्षा जास्त वाढते. कारण मशीनवरच्या कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. तंतूंच्या दिशेत कागद कमी वाढतो, आडव्या दिशेत जास्त. हाताने बनवलेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांची वाढ जवळपास सारखी. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला कापसाच्या चिंध्यांचा कागद हातात घेतलात तर फरक बोटांना कळतो.

तंतूंची दिशा ओळखायची सोपी युक्ती: कागद घडी न पाडता नुसता वाकवा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू आहेत.

०९:२० | कागदाला आधीच दमवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि गंमत म्हणजे यात फोटोग्राफी काहीच नाही. कागदाला जेवढं आकसायचंय तेवढं पहिल्या थराच्या आधीच आकसू द्यायचं. नवीन सुती कापड शिवायच्या आधी आपण पाण्यातून काढतो ना? शर्ट शिवून झाल्यावर आटला तर काय उपयोग!

कापसाच्या लगद्याचा ३०० जीएसएमचा कागद घ्या. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा. वाळवा. पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा. दर वेळी वाळल्यावर पेन्सिलची रेघ मोजा. दोन फेऱ्यांत माप बदलायचं थांबलं की कागद तयार झाला. नाही थांबलं तर तिसरी फेरी.

वाळवायची पद्धत मात्र एकच ठेवा. पहिल्यांदा दोरीला टांगून वाळवला तर दर वेळी टांगूनच, त्याच कडेने. एकदा टांगून आणि एकदा फरशीवर पसरून केलं तर माप पुन्हा बदलू शकतं.

काही जाणकार याच्याही पुढे जातात. कागद अल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवतात, सगळे थर छापतात आणि मग सोडवतात. पत्रा कागदाला हलूच देत नाही. मोठ्या प्रिंटला हे फायद्याचं आहे, सुरुवातीला गरज नाही.

आणि हवा? आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी कागद पापडासारखा कडकडीत असतो, आषाढातल्या संध्याकाळी तोच कागद लुळा पडतो. पाण्यात न बुडवताही कागद हवेतली ओल पितो. म्हणून पहिला थर भर दुपारी आणि दुसरा पावसाळी संध्याकाळी असं करू नका. दर थराआधी कागद सारखाच कोरडा हवा. हेअर ड्रायर वापरायचा तर प्रत्येक थराला वापरा, नाहीतर एकदाही नको.

११:२० | निगेटिव्ह आधी एकमेकांशी जुळवा

मोबाईलमधल्या फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन भाग असतात. जिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळे करता येतात. लाल भागाच्या निगेटिव्हने निळा थर छापायचा, हिरव्याच्या निगेटिव्हने गुलाबी, निळ्याच्या निगेटिव्हने पिवळा. वेगळे करायच्या आधीच चारही कोपऱ्यांत बारीक अधिकची खूण टाका, म्हणजे ती तिन्हींवर त्याच जागी येईल.

तिन्ही निगेटिव्ह एकाच बैठकीत, फिल्म एकाच दिशेने घालून छापा. शक्यतो इंकजेटवर. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर मशीनमध्ये फिल्म तापलेल्या रोलरमधून जाते आणि वाकडी होऊ शकते. मग तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. चारही खुणा एकावर एक बसल्या पाहिजेत. इथेच जुळत नसतील तर कागदावर कधीच जुळणार नाहीत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, ती वगळली तर दोन दिवस जातात.

१२:३० | फाळक्यांची भोकं

आता कागद शांत आहे आणि निगेटिव्हही एकमेकांशी जुळलेली आहेत. उरलं ते दर वेळी निगेटिव्ह त्याच जागी ठेवणं.

पहिला मार्ग डोळ्यांचा: पहिल्या थरात छापलेल्या खुणांवर दुसऱ्या निगेटिव्हच्या खुणा बसवायच्या आणि टेप लावायचा. चालतो, पण वेळखाऊ. शिवाय रसायन लावलेला कागद मंद उजेडात हाताळायचा असतो, तिथे बारीक खूण दिसणं अवघड.

दुसरा मार्ग भोकांचा, सिनेमावाला. फाइलला भोकं पाडायचं दोन दातांचं साधं पंच सगळ्यांकडे असतं. त्यातल्या दोन भोकांमधलं अंतर बहुतेक ८० मिलिमीटर असतं. तिन्ही निगेटिव्ह खिडकीवर जुळवून एकमेकांना टेप लावा आणि एकदमच भोकं पाडा. मग कागदाला चित्राबाहेरच्या पट्टीत भोकं पाडा. एका फळीवर भोकात घट्ट बसतील अशा दोन खुंट्या पक्क्या करा. आधी कागद खुंट्यांवर, मग निगेटिव्ह, वर काच. डोळे मिटूनही बसेल.

यात दोन बारकावे आहेत. भोकांची ओळ तंतूंच्या दिशेला समांतर ठेवा, कारण त्या दिशेत कागद सगळ्यात कमी हलतो आणि दोन भोकांतलं अंतर टिकतं. आणि कागदावरचं एक भोक गोल ठेवून दुसरं ओळीच्या दिशेने कानशीने किंचित लांबट करा. दोन्ही घट्ट असतील आणि कागद केसभर जरी वाढला, तरी तो दोन खुंट्यांमध्ये फुगा धरेल. एक खुंटी जागा पकडते, दुसरी फक्त कागदाला फिरू देत नाही.

एवढं करूनही थोडा फरक राहिलाच तर? तेव्हा भोकांचा हट्ट सोडा आणि निगेटिव्ह चेहऱ्यावर जुळवा. डोळ्यांवर डोळे बसू द्या, राहिलेला फरक कडेच्या आभाळात जाऊ द्या. बघणारा आधी डोळ्यांकडे बघतो, कोपऱ्यातल्या ढगाकडे नाही.

थरांचा क्रमही मदत करतो. पांढऱ्या कागदावर पिवळ्यातले तपशील आपल्या डोळ्यांना फारसे दिसत नाहीत, म्हणून पिवळा थोडा सरकला तरी खपतो. निळा गडद, त्यात रेषा स्पष्ट दिसतात. म्हणून बरेच जण निळा थर सायनोटाइपने आधी आणि नीट करून घेतात, बाकीचे थर त्यावर बसवतात.

१४:५० | डिंकाच्या आधी एक इशारा

आता गंभीर गोष्ट. गम प्रिंटमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं आहे. त्वचेला एकदा त्याची ॲलर्जी बसली की ती सहसा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. त्याची पूड श्वासातून जाणं सगळ्यात वाईट. रील्समध्ये लोक उघड्या हातांनी नारिंगी पाणी हलवताना दिसतात, त्यांची नक्कल करू नका. आणि ते पाणी मोरीत किंवा पाटात ओतायचं तर नावच नको. आमच्या भागात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पिकं आणि जनावरं जगतात. हे काम शिकायचं तर अनुभवी माणसाच्या हाताखाली, हातमोजे आणि मास्क घालून, आणि उरलेल्या रसायनाची विल्हेवाट कशी लावायची हे ठरलेलं असेल तरच.

रजिस्टर शिकायला डायक्रोमेट लागतच नाही. एकच निगेटिव्ह घ्या आणि सायनोटाइप दोनदा करा. छापा, धुवा, वाळवा, पुन्हा तेच रसायन लावा, तेच निगेटिव्ह ठेवा, पुन्हा छापा. जुळलं तर निळा रंग जास्त खोल येतो. नाही जुळलं तर प्रत्येक रेषेला जुळी बहीण दिसते. तुमचा कागद किती हलला, किती दिशेने हलला, सगळं त्या प्रिंटवर लिहिलेलं असतं. सायनोटाइपचं रसायन त्यामानाने सौम्य आहे, तरी हातमोजे घाला, तीव्र ॲसिडपासून आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब ठेवा.

१६:३० | पायऱ्या एकत्र

१. कागदावर २०० मिलिमीटरच्या दोन रेघा मारा, तंतूंची दिशा ओळखून कोपऱ्यात बाण काढा.
२. गरम पाण्यात अर्धा तास, मग वाळवणं. माप बदलायचं थांबेपर्यंत.
३. वाळवायची पद्धत, जागा आणि शक्यतो वेळ दर थराला तीच.
४. कोपऱ्यांत खुणा असलेली निगेटिव्ह एकाच बैठकीत छापा आणि खिडकीवर तपासा.
५. सगळ्या निगेटिव्हना एकदम भोकं. कागदाला एक भोक गोल, एक लांबट.
६. खुंट्यांची फळी, कागद, निगेटिव्ह, काच.
७. पहिला सराव: एकच निगेटिव्ह, सायनोटाइप दोनदा.
८. दर थराआधी रेघ मोजा. माप बदललेलं असेल तर रसायन लावू नका, कागद आधीसारखा होईपर्यंत थांबा.

यातली आठवी पायरी लोक हमखास गाळतात. हात शिवशिवत असतात, ऊन वर आलेलं असतं. पण फुटपट्टी "अजून नाही" म्हणाली तर तिचं ऐका. ऊन उद्याही येणार आहे.

तुमचा दोनदा छापलेला सायनोटाइप आम्हाला नक्की पाठवा, जुळलेला असो वा जुळी बहीण आलेला. सोबत कागद कुठला होता आणि रेघ किती हलली, तेही लिहा. पुढच्या भागात बघू, आषाढातल्या ढगाळ उन्हात किती वेळ छापायचं ते. तोवर, राम कृष्ण हरी!